मुकादमबाईंची जोडयादी

आमच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून यायची सक्ती होती. धूळ गेली तर मशीन बिघडेल, या धास्तीनं साहेबांनी दारावर तशी पाटीच लावली होती. मुकादमबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाटी नीट वाचली, चपला काढल्या आणि त्या हातात धरूनच आत आल्या.

"बाई, चपला बाहेर ठेवायच्यात," मी म्हटलं.

"ठेवल्या असत्या गो. पण तिथं अशाच चार जोड हायत, चारी एकाच दुकानातले. त्यातला माझा कुठचा ते निघताना कोण सांगणार? तुझं मशीन?"

मग त्यांनी पर्समधून लाल दोरा काढला, दोन्ही चपलांच्या अंगठ्यांना एकेक गाठ मारली आणि चपला बाहेर ठेवून आल्या. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या, पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, "हां. आता सांग. मला कशाला बोलावलंय?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मूळची अलोऱ्याची, वडील तिथल्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला. पुण्यात शिकून मी रत्नागिरीच्या कचेरीत प्रोग्रॅमर म्हणून लागले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. हमीदा मुकादम मत्स्यखात्यात सांख्यिकी सहायक. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, चष्म्याला काळी दोरी. नवरा कुवेतला. घर मिरकरवाड्याच्या मासळी बंदराच्या वरच्या अंगाला. आवाज असा, की खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय असावी. त्या आवाजात त्यांनी "हळू बोल, साहेब आत हायत" असं म्हटलं, की साहेबच बाहेर येत.

साहेबांना जिल्ह्यातल्या मच्छीमार बोटींची एकच एक यादी हवी होती. याद्या होत्या तीन. एक मत्स्यखात्याची, ती आमच्या मशीनवर. दुसरी बंदराच्या कार्यालयाची, ती त्यांच्या मशीनवर, वेगळ्याच पॅकेजमध्ये. तिसरी मिरकरवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीची. तिनं डिझेल कार्डांसाठी हौसेनं संगणक घेतला होता. प्रत्येकानं बोटीला आपापला नंबर दिलेला, आणि एकाचा नंबर दुसऱ्याला ठाऊक नाही. मी शहाणपणा करून एक प्रोग्रॅम लिहिला होता. बोटीचं नाव आणि मालकाचं नाव दोन्ही जुळलं तर बोट एक, नाही जुळलं तर वेगळी. त्यातून न जुळलेल्या बोटींची एवढी लांब यादी निघाली, की छापताना प्रिंटरची फीत संपली.

तो कडेला भोकं असलेला लांबलचक कागद बाईंनी जमिनीवर पसरला आणि चक्क त्याच्यावर मांडी घालून बसल्या. पेन्सिल कानामागून काढली.

"मत्स्यकन्या. मत्स्य जागा सोडून कन्या. एम टिंब कन्या. काय गो, ह्या तीन काय? एकच ती. निळी, पुढं डोळे रंगवलेले. मालक इथं लक्ष्मण पावसकर, इथं लखू पावसकर, इथं पी लक्ष्मण. माझ्या घरामागं राहतो तो. त्याचे तीन लक्ष्मण करून ठेवलेस तू!"

पुढे पेन्सिल भराभर चालायला लागली. एकेक रेघ मारताना त्या "जुळलं!" म्हणत. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, आणि दहाव्या-बाराव्या वेळी त्यांनी टेबलाच्या पायावर अशी थाप मारली की मी दचकून मशीन धरलं. शेवटी त्यांना बसवेना. उठल्या, कागदाभोवती फेऱ्या घालायला लागल्या, मधेच व्हरांड्यात गेल्या आणि स्टुलावर पेंगणाऱ्या गोविंद शिपायाला म्हणाल्या, "गोविंदा, सत्तावीस जुळल्या!" गोविंद घाबरून उभाच राहिला.

मी मात्र खट्टू झाले होते. म्हटलं, निदान जुळलेल्या तरी बघा. तो कागद त्यांनी हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही दर्यासागर. ह्या दोन हायत. तू एक केल्यास."

"बाई, बोटीचं नाव तेच, मालकही तोच. दाऊद हुसेन."

"दाऊद हुसेन सोलकर मिरकरवाड्याचा. दाऊद हुसेन वस्ता पूर्णगडचा. आडनावं कुठं गेली?"

आडनावं कुठं गेली ते मला तेव्हा कळलं. बंदराच्या यादीत मालकाच्या नावाला बारा इंग्रजी अक्षरांची जागा होती. तेराव्या अक्षरापासून माणूस कापला जाई. बारा अक्षरांत दोन्ही दाऊद तंतोतंत सारखे.

"ऐक, वैशाली," बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "एकाचे तीन झाले तर हसण्यावारी नेता येतं. दोघांचा एक झाला, तर त्यातला एक गेला. कळलं?"

मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

तिथून पुढे चार महिने आम्ही रोज दुपारी दोन ते चार ते काम केलं. सकाळी त्या धक्क्यावर जात. मासे उतरत असताना, बर्फाच्या गाड्या ओरडत असताना, ह्या बाई वही घेऊन तांडेलांच्या मागे. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. "इंजिन किती सिलिंडरचं? बांधली कुठं?" नाव कधी विचारत नसत. मला म्हणत, "नाव बदलतं. मुलगी झाली की बोटीला तिचं नाव देतात. रंग दर वर्षी बदलतो. इंजिन कुणी हौस म्हणून बदलत नाय." तांडेल त्यांना हसत, पण उत्तर देत. एकानं चिडून म्हटलं, "बाई, बोट विकत घेतेस काय?" तर म्हणाल्या, "नाय रे. तुझी बोट हरवली तर ओळखायला नको?" त्यानं निमूट सिलिंडर सांगितले.

मशीनशीही त्या बोलत. फ्लॉपी आत सरकवताना "हां, गिळ," आणि चूक दाखवली की "तुला काय कळतं दर्यातलं." एकदा तारखा उलट्यासुलट्या दिसायला लागल्या. एका पॅकेजमध्ये दिवस आधी, दुसऱ्यात महिना आधी. मी दोन दिवस डोकं धरून बसले होते. बाईंनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "जुलैत कोण बोट लोटतंय? तेव्हा सगळ्या वर ओढलेल्या. हा जुलै नाय, ही सात तारीख हाय." दर्या कधी बंद असतो हे माझ्या मशीनला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मग तिन्ही कार्यालयांची बैठक झाली. प्रत्येकाचं म्हणणं एकच : आमची यादी खरी, बाकीच्या दोन रद्द करा आणि आमच्याप्रमाणे दुरुस्त करा. तासभर आवाज चढत गेले. बाई कोपऱ्यात बसून कुणी किती वेळा "अधिकृत" म्हणतंय ते वहीत मोजत होत्या, मला दिसत होतं. शेवटी साहेब म्हणाले, "मुकादमबाई, तुम्ही सांगा. कुणाची यादी खोटी?"

"कुणाचीच नाय, साहेब. तिघांनी वेगवेगळं विचारलंय. बंदरवाले विचारतात, ही बोट पाण्यात टाकायला धड हाय का. आम्ही विचारतो, ही मासे कसले धरते. सोसायटी विचारते, हिला डिझेल किती लागतं. उत्तरं वेगळी येणारच. कुणाची पुसू नका. नुसतं कुणाची कुठची ते मधे लिहून ठेवू."

तीच जोडयादी. त्यात फार काही नव्हतं. एका ओळीत एका बोटीचे तीन नंबर, इंजिन आणि शेवटी शेऱ्याची जागा. शेरे बाईंचे. "मालक चिडका पण खरं बोलतो." "हिला आधी जय भवानी म्हणत." "तांडेल बहिरा, उजव्या बाजूनं विचारावे." शेऱ्याला मी चाळीस अक्षरं दिली होती. त्या बोटांवर अक्षरं मोजत आणि "अजून चार दे गो" म्हणून वाद घालत. ज्या दिवशी शेवटची ओळ भरली, त्या दिवशी त्यांनी घरून उन्हाळ्यात साठवलेल्या फणसरसाची वाफवलेली सांदणं आणली, सगळ्या कचेरीला वाटली आणि फणसाच्या रसानं चिकटलेल्या बोटांनी मशीनला हात लावू दिला नाही म्हणून माझ्यावर रुसल्या.

आणि लगेच पुढच्या आठवड्यात त्यांना मेमो आला. बाईंनी जोडयादीची एक फ्लॉपी परवानगीवाचून सोसायटीच्या कारकुनाला देऊन टाकली होती. खात्याबाहेर माहिती दिल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. मी घाबरले. म्हटलं, बाई, दिलीत कशाला?

"बोटीवर खलाशी कोण कोण गेले, ते सोसायटीकडं असतं. डिझेल भरताना लिहून घेतात ते. आपल्याकडं बोटी, त्यांच्याकडं माणसं. बोटींची यादी कपाटात ठेवून काय तिची पूजा करायची?"

खुलासा त्यांनी लिहिला तो एवढाच : फ्लॉपी मी दिली, गरज पडल्यास पुन्हा देईन. मी तो फाडून दुसरा लिहून दिला. त्यांनी माझा फाडला आणि आपला पुन्हा लिहिला. पण तो खुलासा पोचता करायच्या आतच वादळ आलं.

दिवाळी होऊन गेली होती. बोटी जोरात चालल्या होत्या. रेडिओवर इशारा आला तेव्हा पुष्कळ बोटी दोन दिवसांपूर्वीच बाहेर गेलेल्या. त्या काळी बहुतेकांकडे बिनतारी काही नसायचं. बाहेर गेलेला माणूस परत आला, की आला हे कळायचं. सकाळपासून वारा असा सुटला की कचेरीच्या आवारातला एक माड मोडून पडला. दहाच्या सुमाराला साहेबांच्या टेबलावर तीन कागद आले. खात्याच्या मते चौदा बोटी बाहेर. बंदराच्या मते अकरा. सोसायटीच्या मते नऊ. शोध घ्यायला एक जहाज तयार होतं. जहाजवाल्यांना बारापर्यंत एकच यादी हवी होती : बोटी कुठल्या आणि माणसं किती.

मुकादमबाई आल्या त्या नखशिखांत भिजून. हातात उलटी झालेली छत्री. त्या दिवशी चपला, दोरा, पाटी, कुणाला कशाचं भान नव्हतं. "लाव यादी," म्हणाल्या. वीज जात-येत होती. बॅटरीवर मशीन वीस मिनिटं चाले. मी तिन्ही कागद जोडयादीवर लावले आणि चौदा, अकरा, नऊ यांच्या आठ झाल्या. खऱ्या आठ. बाकीची नावं तीच ती, किंवा केव्हाच विकलेल्या बोटींची. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

मग एकेका बंदरातून फोन यायला लागले. दोन बोटी हर्णैला लागल्या. तीन दाभोळच्या खाडीत शिरल्या. बाई प्रत्येक नावावर रेघ मारत होत्या. एक पूर्णगडला. एक परत मिरकरवाड्यालाच आली. पावणेबाराला जयगडहून फोन आला : दर्यासागर लागली, माणसं सुखरूप.

साहेबांनी उसासा टाकला. "संपल्या. सगळ्या आल्या. शोध नको म्हणून कळवून टाका." कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. गोविंद रडत होता. त्याचा भाचा दाभोळला लागलेल्या एका बोटीवर होता.

बाईंची पेन्सिल शेवटच्या नावावर तशीच थांबलेली.

"कुठची दर्यासागर?"

"अहो बाई, दर्यासागर. दाऊद हुसेनची. आत्ताच सांगितलं ना!"

"दाऊद हुसेन दोन हायत, साहेब. पूर्णगडची दर्यासागर बाहेर गेल्याचं आपल्याला कुणी कळवलंच नाय, कारण ती सोसायटीत नाय. ती लागली असेल, तर आपली अजून बाहेर हाय. मला जयगड लावून द्या."

लाइन लागेना. एक्स्चेंजमधल्या मुलीला बाईंनी आपल्या खास आवाजात काय सांगितलं कोण जाणे, दोन मिनिटांत जयगड लागलं. पलीकडे बंदरावरचा कुणी कर्मचारी होता. वाऱ्यामुळे त्यालाही ओरडावं लागत होतं.

"भाऊ, दर्यासागरचं इंजिन किती सिलिंडरचं?"

"काय?"

"इंजिन! सिलिंडर मोजून ये!"

"बाई, बाहेर काय चाललंय ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय. म्हणूनच सांगतंय. मोजून ये. मी धरून ठेवतंय."

तो गेला. रिसीव्हरमधून नुसता वारा ऐकू येत होता. साहेब घड्याळाकडे बघत होते. जहाजाचा निरोप्या दुसऱ्या फोनवर थांबला होता. मी जोडयादीतली ती ओळ पडद्यावर आणून ठेवली होती : सोलकर, मिरकरवाडा, चार सिलिंडर. त्याखाली वस्ता, पूर्णगड, दोन सिलिंडर. चार महिन्यांपूर्वी मीच ह्या दोन ओळींची एक ओळ केली होती.

फोनमधून धापा टाकत आवाज आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा उच्चारला.

"दोन."

मग रिसीव्हर ठेवून त्या साहेबांकडे वळल्या. "ती पूर्णगडची, साहेब. आपली बाहेरच हाय."

मी लगेच सोसायटीच्या कारकुनाला फोन लावला. त्याच्याकडे ती मेमोवाली फ्लॉपी होती. त्यानं नंबर लावून पाच मिनिटांत सांगितलं : सात माणसं, ही नावं, आणि डिझेल फक्त दोन दिवसांचं भरलेलं. बाई म्हणाल्या, "दोन दिवसांच्या डिझेलात लांब नाय जाता येत. जवळच हाय. डिझेल संपलं असेल किंवा इंजिन बंद पडलं असेल. जवळच बघायला सांगा." बाराला पाच मिनिटं असताना शोधाचा निरोप गेला. एक बोट, सात माणसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली. इंजिन बंद, शीड फाटलेलं, सातही जण जिवंत. तिला ओढत मिरकरवाड्याला आणलं तेव्हा धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दाऊद सोलकर खाली बसून दोन्ही हातांनी आपल्या मुलाचे पाय चाचपत होता. बायका रडत होत्या, हसत होत्या. मला वाटलं, बाई आता ओरडून उड्या मारतील. पण त्या गर्दीच्या मागे, जाळ्यांच्या ढिगावर टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "चल, मांडवीपर्यंत चालू."

वाटेत त्यांनी एकदाच, कुठलाही आव न आणता सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या घरी तार आली होती. वडील मुंबईकडच्या गलबतावर तांडेल. अब्दुल रहमान, तांडेल, रत्नागिरी, बुडाला, अशी तार. तीन दिवस घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी वडील खांद्यावर पिशवी टाकून चालत आले. बुडाला होता तो खालच्या आळीतला दुसरा अब्दुल रहमान.

"आमचा आनंद काय सांगू. आई तर वेडी झाली होती. आणि मग ती थांबलीच, मधेच." बाई चालता चालता थांबल्या. "ते तीन दिवस आम्हाला जेवण कोण आणत होतं ठाऊक हाय? त्या दुसऱ्याची बायको. तांदळाच्या भाकऱ्या, कालवण. माझ्या आईला भरवत होती. तिच्याच घरचं माणूस गेलं होतं, आणि ती आमच्याकडं सांत्वनाला येत होती. तिला सांगायला माझी आई गेली."

समुद्र अजून गढूळ होता. पुन्हा चालायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तेव्हापासून मला दोन सारखी नावं दिसली की स्वस्थ बसवत नाय गो."

मेमोचं पुढे काय झालं, तर साहेबांनी बाईंचा एका ओळीचा खुलासा वाचला, त्यावर "दप्तरी दाखल" असा शेरा मारला आणि त्याच सहीनं दुसरा हुकूम काढला : तिन्ही कार्यालयांनी दर शनिवारी आपापल्या फ्लॉप्या एकमेकांना द्याव्यात. बंदरवाल्यांनी मालकाच्या नावाची जागा चाळीस अक्षरांची केली. बाईंनी तो हुकूम मला मोठ्यानं तीनदा वाचायला लावला.

वर्षभरानं खाली दक्षिणेकडच्या एका लहान बंदरातून मागणी आली : आमच्याकडे असंच करून द्या, बाईंना पाठवा. मी त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. सोबत एक संगणकही जायचा होता. धडाचा खोका गोविंदनं सीटखाली सरकवला. पडद्याचा खोका कंडक्टर टपावर टाकायला निघाला, तेव्हा बाई त्याच्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"टपावर? तुझं डोकं टाक टपावर. ह्याला तिकीट काढलंय मी."

खरंच काढलं होतं. पडदा खिडकीशी बसला, बाई त्याच्या शेजारी, एक हात त्याच्या खांद्यावर टाकल्यासारखा. कंडक्टरनं घंटी मारली. मी खाली उभी राहून शहाण्यासारखं काहीबाही सांगत होते, पोचल्याचं पत्र टाका, तब्येतीला जपा. त्यांचं लक्षच नव्हतं. गाडी हलली, तशा त्या खोक्यावरून अर्ध्या बाहेर वाकल्या. चष्मा दोरीवर लोंबत होता, चेहरा असा उजळलेला, की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

"वैशाली! तिथल्या बोटींना नंबरच नायत म्हणे! एकालाही नाय! नुसती चित्रं काढतात, मोर, घोडा, चंद्र! आता काय करायचं गो?"